अमली पदार्थांचा कायदा वजन मोजतो, इजा मोजत नाही

सातपुडा (धागाकर्ता)

एकाकडे २०० ग्रॅम शुद्ध हेरॉईन सापडलं. दुसऱ्याकडे २६० ग्रॅम ब्राऊन शुगर सापडली. तिच्यात खरं हेरॉईन जेमतेम पाच-सहा ग्रॅम, बाकी सगळी भेसळ. कुणाच्या मालानं जास्त पोरं वाया जातील हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण कायद्याच्या लेखी मोठा गुन्हेगार दुसरा. हेरॉईनचं व्यापारी प्रमाण २५० ग्रॅमच्या पुढं सुरू होतं. पहिला त्याच्या आत राहिला म्हणून त्याला जास्तीत जास्त दहा वर्षं. किमान शिक्षा नाही, जामीन नेहमीच्या निकषांवर. दुसऱ्याला कमीत कमी दहा वर्षं, वीसपर्यंत जाऊ शकतात. शिवाय जामीन हवा असेल तर कलम ३७ प्रमाणे न्यायाधीशांना आधीच वाटायला हवं की हा निर्दोष असावा आणि सुटल्यावर पुन्हा असं करणार नाही. खटला उभा राहण्याआधी हे कोण पटवून देणार?

२००८ साली सुप्रीम कोर्टानं भेसळ वगळून फक्त अमली भाग मोजायला सांगितलं होतं. एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ते फिरवलं. आता भेसळीसकट सगळं वजन धरतात. कोर्टाची बाजूही समजून घेतली पाहिजे. रस्त्यावर शुद्ध माल कुणी विकत नाही, विकला जातो तो मिश्रणच, आणि कधी कधी भेसळच जास्त घातक असते. हे खरं आहे. पण त्यातून निघालेला हिशेब वरच्या उदाहरणात दिसतो तसाच आहे.

मी धुळे जिल्ह्यात वकिली करतो आणि एनडीपीएसचे, म्हणजे याच अमली पदार्थांच्या कायद्याचे, खटले चालवतो. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी कापूस, तूर, मक्याच्या आड गांजा लावल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. पंचनाम्यातलं वाक्य ठरलेलं असतं: 'हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पाने, फुले, काड्या, बिया असलेला ओलसर गांजा.' झाडं मुळासकट उपटायची, पोत्यात भरायची, काट्यावर टाकायची. त्यात ओला दांडा आला, मुळाची माती आली. आता कायद्याची व्याख्या बघा. गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळ धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया व्याख्येबाहेर. मुंबई उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर नेमकं यावर बोट ठेवलं. पण खालच्या कोर्टात काट्यावरचा आकडा वीस किलोच्या पुढं गेला की माणूस वर्षानुवर्षं आत. आणि तो माणूस कोण असतो? राखणीला ठेवलेला सालदार, नाहीतर ज्याच्या नावावर वनपट्टा आहे तो. ज्यानं बी दिलं आणि जो माल उचलणार होता, त्याचं नाव आरोपपत्रात क्वचित येतं.

आता दुसरं टोक. एम्सच्या २०१९ साली आलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, त्यातल्या ५.७ कोटींहून जास्त लोकांचं पिणं उपचार लागावेत इतपत गेलेलं आहे. भांग, गांजा, चरस मिळून ३.१ कोटी, त्यात त्रासाच्या पातळीवरचे ७२ लाख. अफू, हेरॉईन, वेदनाशामक गोळ्या असं सगळं मिळून २.२६ कोटी, त्यात त्रासाचे ७७ लाख. म्हणजे दारू आणि अफूवर्गात साधारण तिघांमागं एक अडचणीत आहे, गांजा-भांगेत चौघांमागं एकाहून कमी. गांजा निर्धोक आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण सरकारनंच करवून घेतलेल्या पाहणीतला क्रम आणि सरकारच्याच कायद्यातला क्रम एकमेकांना ओळखत नाहीत.

१९८५ च्या मूळ कायद्यात चरस आणि हेरॉईनला एकच शिक्षा होती, किमान दहा वर्षं. गांजाला पाच वर्षांपर्यंत. अल्प, मधलं आणि व्यापारी अशा पायऱ्या आल्या २ ऑक्टोबर २००१ पासून. ती सुधारणा मोठी होती, तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण तिथंच आपण थांबलो.

माझं म्हणणं एवढंच: शिक्षा ठरवताना त्या पदार्थानं माणसाची आणि त्याच्या आसपासच्यांची किती हानी होते हे आधी बघा, काटा नंतर. आणि जो फक्त ओढतो त्याला फौजदारी कोर्टातून बाहेर काढा. तुम्हाला काय वाटतं? विरोधातलं मत असेल तर जरूर लिहा, मला तेच जास्त ऐकायचं आहे.

---

खाकी६२

वकीलसाहेब, मी पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झालो. विरोधातलं ऐकायचं म्हणालात म्हणून लिहितो.

वजन हा एकच निकष असा आहे की जो रात्री दोन वाजता, पावसात, पंचांसमोर मोजता येतो. शुद्धता मोजायला प्रयोगशाळा लागते आणि तिचा अहवाल यायला महिने जातात. तोवर काय करायचं? सोडून द्यायचं? उद्या तुम्ही शुद्धतेवर शिक्षा ठरवलीत तर आरोपीचा वकील पहिल्या तारखेला म्हणेल, अहवाल येईपर्यंत जामीन द्या. आणि माल पुरवणारा त्या दिवशी जिल्हा सोडेल.

दुसरी गोष्ट. अल्प प्रमाणाला सूट मिळाली की धंदेवाला त्याच मापात पुड्या बांधतो. गांजाचं अल्प प्रमाण एक किलो आहे. एक किलो म्हणजे किती चिलमी होतात याचा विचार करा. नऊशे ग्रॅम घेऊन फिरणारा पोरगा स्वतःसाठी फिरत नाही. मी अशी पोरं पकडलेली आहेत.

तिसरं मात्र तुमच्या बाजूनं. वरून आकडा मागितला जातो, आणि आकडा सगळ्यात लवकर भरतो तो ओढणाऱ्यांनी. बागेत, पुलाखाली, स्टेशनाबाहेर पकडायचं, मेडिकल करायचं, सेवनाचं कलम २७ लावायचं. एका पुरवठादारामागं महिनाभर माणसं गुंतवण्यापेक्षा ते सोपं पडतं. हे बदललं पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही.

---

वैनगंगा

मी गडचिरोली जिल्ह्यातली आहे, आरोग्याच्या कामात. आमच्याकडे १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपूरला २०१५ मध्ये लागू झाली, २०२१ मध्ये उठवली. वर्धा १९७५ पासून बंद. त्यामुळे 'कायदा आणि इजा' हा विषय आम्ही रोज बघतो.

वकीलदादा, तुमच्या धाग्यात गांजा, हेरॉईन, दारू आली. खर्रा आला नाही. आमच्याकडची सगळ्यात मोठी इजा तीच. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत टाकून टपरीवर घोटतात. सातवी-आठवीतली मुलंमुली खातात, बाया खातात, गरोदर बाया खातात. शिबिरात आम्ही पहिलं काय बघतो? स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगतो. ज्याची तीन बोटं जातात तो बरा. पंचवीस-तीस वर्षांच्या माणसाचं एकच बोट जातं तेव्हा समजायचं की आतली कातडी ताठरली आहे. तिखट सहन होत नाही, भाकरी मोडून, कालवून खावी लागते. पुढं काय होऊ शकतं ते सांगायला नको. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, सुगंधित तंबाखूवरही आहे. साध्या तंबाखूवर नाही. म्हणून दोन वेगवेगळ्या पुड्या शेजारी-शेजारी टांगतात आणि गिऱ्हाईक तोंडात एक करतं.

तंबाखूनं देशात दर वर्षी तेरा लाखांच्या आसपास माणसं जातात. एका तरी टपरीवाल्याला दहा वर्षं झाल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि व्हावीत असंही मला वाटत नाही. तो आमच्याच गावचा आहे, त्याचंही पोट आहे. पण मग गांजाच्या शेतावर राखण करणाऱ्याला दहा वर्षं कशी, हा प्रश्न मला पडतो.

दारूबंदीबद्दल एक सांगते. बंदी आली की दारू संपत नाही. मोहाची निघते, सीमेपलीकडून येते, महाग मिळते. तरीही गावातल्या बायांना विचाराल तर बंदी हवीच म्हणतात. कारण दुकान चौकात नसलं की नवरा निदान रोज पिऊन येत नाही, आणि आला तर पोलिसात जायला कायद्याचा आधार असतो. त्यामुळे 'बंदी निरुपयोगी' असं पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलं की मला त्रास होतो. बंदीनं इजा कमी होते की नाही हे ज्यांना इजा होते त्यांना विचारा.

---

लीड्सकर

वैनगंगाताई, तुमचं शेवटचं वाक्य या विषयातल्या सगळ्यात गाजलेल्या अभ्यासाशी जाऊन भिडतं.

इथं ब्रिटनमध्ये १९७१ च्या कायद्यानं पदार्थांचे अ, ब, क असे वर्ग केले आहेत. वर्ग हानीप्रमाणे असायला हवेत अशी मूळ कल्पना. प्रत्यक्षात गांजा जानेवारी २००४ मध्ये ब वर्गातून क मध्ये गेला आणि जानेवारी २००९ मध्ये सल्लागार समितीचं मत डावलून परत ब मध्ये आणला गेला. समितीचे अध्यक्ष प्रोफेसर डेव्हिड नट यांनी जाहीरपणे सांगितलं की दारू आणि तंबाखू गांजापेक्षा जास्त घातक आहेत. ऑक्टोबर २००९ मध्ये गृहमंत्री ॲलन जॉन्सन यांनी त्यांना काढून टाकलं. पुढच्या वर्षी नट आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २० पदार्थांना १६ निकषांवर गुण दिले. दारू ७२, हेरॉईन ५५, क्रॅक कोकेन ५४, तंबाखू २६, गांजा २०.

महत्त्वाचं असं की निकष दोन गटांत होते: घेणाऱ्याला होणारी हानी आणि इतरांना होणारी हानी. घेणाऱ्याच्या बाजूनं हेरॉईन आणि क्रॅक दारूच्या पुढं होते. दारू पहिली आली ती इतरांच्या हानीमुळं. मारहाण, अपघात, मोडलेले संसार. म्हणजे गडचिरोलीच्या बाया जे सांगतात तेच.

---

मानसवैद्य

मानसोपचारतज्ज्ञ म्हणून थोडा अंकुश लावतो.

नट यांच्या गुणांकनावर रास्त टीका झाली आहे. दारूचे ७२ गुण बऱ्याच अंशी ती सगळीकडे मिळते म्हणून आहेत. हेरॉईन किराणा दुकानात मिळू लागलं तर त्याचे गुण तेवढेच राहतील का? त्यामुळे या यादीवरून थेट शिक्षेचं कोष्टक काढणं धोक्याचं. इजा पदार्थात असते, मात्रेत असते, घेण्याच्या पद्धतीत असते, आणि वयात तर फारच असते. पंधराव्या वर्षी रोज गांजा ओढणारा आणि पन्नाशीत सणाला भांग घेणारा यांना एका रांगेत बसवता येत नाही.

गांजा आणि वेड याबद्दल दोन्ही बाजूंनी अर्धंच सांगितलं जातं. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारनं भारतात हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं होतं. हजाराहून जास्त साक्षी झाल्या. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी त्यांनी तपासल्या तेव्हा लक्षात आलं की 'कारण: गांजा' हा शेरा पुष्कळदा कुणीही शहानिशा न करता भरलेला आहे. माफक सेवनानं फारशी हानी होत नाही आणि सरसकट बंदी नको, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे सगळं खरं. पण ते त्या काळच्या गांजाबद्दल. आज माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या हातात 'हायड्रो' असतो, बंद खोलीत दिव्यांखाली वाढवलेला. त्यातलं नशा आणणारं द्रव्य देशी गांजापेक्षा कितीतरी जास्त. जास्त तीव्रतेचा गांजा, कमी वय आणि रोजचं सेवन हे तिन्ही एकत्र आलं की भ्रम, संशय, आवाज ऐकू येणं याचा धोका वाढतो. यावर आता पुरेसा पुरावा आहे.

आणि इथं तुमचा मुद्दा उलट्या बाजूनंही लागू होतो, वकीलसाहेब. कायद्यात दोन्हींचं माप एकच. देशी गांजा एक किलोपर्यंत अल्प, हायड्रोही एक किलोपर्यंत अल्प. इजा बघायची असेल तर हायड्रोचं अल्प प्रमाण खाली आणावं लागेल. 'इजेप्रमाणे कायदा' म्हणजे सगळीकडे सैल करणं असा अर्थ घेऊ नये.

---

सातपुडा (धागाकर्ता)

डॉक्टर, शंभर टक्के मान्य. 'इजेप्रमाणे' म्हटलं की काही ठिकाणी घट्ट करावंच लागेल. मेफेड्रोनचं उदाहरण ताजं आहे. एमडी, म्याऊ म्याऊ म्हणून मुंबईत ते सर्रास विकलं जात होतं आणि फेब्रुवारी २०१५ पर्यंत ते कायद्याच्या यादीतच नव्हतं. पोरं बरबाद होत होती आणि गुन्हा काय लावायचा हेच ठरत नव्हतं. म्हणजे यादीबाहेर आहे म्हणून मोकळं आणि यादीत आहे म्हणून दहा वर्षं, असं चालत आलं आहे. आज त्याचं अल्प प्रमाण दोन ग्रॅम, व्यापारी पन्नास ग्रॅम. माझ्या मते हे माप रास्त आहे.

खाकीसाहेब, वजन जागेवर मोजता येतं, शुद्धता येत नाही, हे बरोबर. म्हणून अटकेला वजन राहू द्या. पण शिक्षा सुनावायच्या दिवशी अहवाल समोर असतोच ना? त्या दिवशी तो वाचायला काय हरकत आहे? आज टक्केवारी समोर असूनही न्यायाधीशांना दहा वर्षांच्या खाली उतरता येत नाही. माझी तक्रार तिथं आहे.

---

अनघा_क

मी पुण्यात व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. पुण्याला या कामाची परंपरा आहे. १९८० च्या दशकात गर्दची, म्हणजे ब्राऊन शुगरची, लाट आली तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' सुरू केलं, तेव्हापासून महाराष्ट्रानं व्यसनाकडे आजार म्हणून बघायला सुरुवात केली. कायद्यानं मात्र तसं पुरेसं बघितलं नाही.

रोजच्या कामातलं सांगते. दाखल होणाऱ्यांत दारूचे सगळ्यात जास्त. गर्दवाले कमी, पण त्यांचे हाल वेगळे. पन्नीवर चेस करणारा, म्हणजे गर्द तापवून त्याचा धूर ओढणारा, मुलगा दाखल झाला की दुसऱ्या दिवशी टर्की लागते, म्हणजे नशा बंद झाल्याचा त्रास सुरू होतो. नाक-डोळे गळतात, हाडं मोडल्यासारखी दुखतात, झोप नाही, जुलाब. ते आठवडाभरात ओसरतं. दारूची टर्की दिसायला सौम्य वाटते, पण हात थरथरण्यापासून फिट येण्यापर्यंत आणि भ्रमापर्यंत जाते, औषधाविना सोडली तर माणूस दगावूही शकतो. हे घरच्यांना माहीतच नसतं. खोलीत कोंडून 'सोडव' म्हणतात. कृपा करून असं कुणी करू नका.

यादीत नसलेल्या एका गोष्टीबद्दल कुणीच लिहिलं नाही: व्हाइटनर, सोल्यूशन, थिनर. स्टेशनवरची मुलं फडक्यावर ओतून हुंगतात. भूक मारायला, थंडी मारायला. एम्सच्या त्याच सर्वेक्षणात हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला की ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे. मुलं १.१७ टक्के, मोठी माणसं ०.५८ टक्के. मेंदूवर, यकृतावर, हृदयावर थेट घाव. एनडीपीएसच्या यादीत हे नाही, आणि ते तिथं टाकावं असंही मी म्हणणार नाही, कारण मग त्या मुलांनाच धरतील. त्यांना निवारा, जेवण आणि उपचार हवा आहे. पण 'सर्वांत जास्त इजा कुणाची' या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या यादीत शोधायला गेलात तर ही मुलं सापडणार नाहीत.

---

म्हापशेकर

गोव्यातून. २०२० च्या शेवटी आमच्याकडे औषधी वापरासाठी गांजाची लागवड करू द्यावी असा प्रस्ताव पुढं आला, लगेच रान उठलं आणि सरकारनं माघार घेतली. विरोध करणाऱ्यांत माझे नातेवाईक होते, आणि त्यांच्या घरी फेणीची बाटली कायम असते. फेणीला राज्यानं वारशाचा दर्जा दिलेला आहे. मला फेणीचा अभिमान आहे, तो मी सोडणार नाही. पण ज्या पदार्थाशी आपली ओळख आहे त्याची इजा आपल्याला दिसत नाही आणि ज्याच्याशी नाही त्याची दहापट दिसते, हे मान्य करायला हवं. भांगेचंही तसंच. झाड तेच. पानं घोटली तर केंद्राच्या कायद्याबाहेर, राज्याच्या अबकारी खात्याच्या ताब्यात. शेंडा ओढला तर तुरुंग. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात पानं वगळली गेली, म्हणून आपल्याही व्याख्येत वगळली गेली. विज्ञानाचा त्यात फार भाग नाही.

---

सुहासिनी

मी सहसा लिहीत नाही. पण 'ओढणारा वेगळा, विकणारा वेगळा' हे सगळ्यांनी इतक्या सहज गृहीत धरलं आहे की राहवत नाही.

माझा मुलगा एमडी घ्यायचा. चौदा-पंधरा तास जागा, जबडा सतत हलतोय, जेवण नाही, गालफडं बसलेली. घरातली भांडी, माझी कर्णफुलं, त्याच्या वडिलांची गाडी, सगळं गेलं. पैसे संपले तेव्हा तो मित्रांना आणून द्यायला लागला. चार जणांचं आणायचं, त्यातलं थोडं स्वतःला ठेवायचं. कायद्याच्या दृष्टीनं तो त्या दिवशी विक्रेता झाला. माझ्या दृष्टीनं तो त्या दिवशी सगळ्यात जास्त आजारी होता. आणि ज्यांना त्यानं आणून दिलं त्यांच्या आयांच्या दृष्टीनं? त्यांनी मला फोनवर जे ऐकवलं ते चुकीचं नव्हतं.

त्यामुळे सोपी विभागणी करू नका. कारखाने काढणाऱ्यांना मोकळं सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या एमआयडीसीत फेब्रुवारी २०२४ मध्ये शेकडो किलो एमडी सापडलं. ते कुणी व्यसनापायी बनवत नव्हतं. पण साखळीतलं सगळ्यात खालचं पोर हे पुरवठादारही असतं आणि रुग्णही. त्याच्यासाठी कायद्यात जागा कुठं आहे?

---

खाकी६२

सुहासिनीताई, तुमच्या मुलाची तब्येत सुधारो. तुम्ही विचारलंत ते आम्हाला नोकरीत कुणी शिकवलं नाही. धरलेल्या पोराच्या डोळ्यांकडे बघून कळायचं की हा धंदेवाला नाही. पण फिर्यादीत डोळे लिहिता येत नाहीत, वजन लिहिता येतं. जेवढं लिहायचं तेवढं लिहिलं.

---

लीड्सकर

सुहासिनीताई, पोर्तुगालनं या प्रश्नावर जे केलं ते बघण्यासारखं आहे. जुलै २००१ पासून तिथं स्वतःपुरता साठा, म्हणजे दहा दिवस पुरेल इतका, सापडला तर फौजदारी गुन्हा होत नाही. पदार्थ जप्त होतो आणि त्या माणसाला आयोगासमोर पाठवतात. तिथं कायदा, आरोग्य आणि समाजकार्य या क्षेत्रांतली माणसं बसतात आणि याला दंड, उपचार की नुसती समज, हे ठरवतात. विक्री गुन्हाच राहिली.

उलट उदाहरणही देतो, कारण बाजू घेऊन लिहिण्यात अर्थ नाही. अमेरिकेत ओरेगॉन राज्यानं २०२० मध्ये जनमतानं असाच निर्णय घेतला आणि २०२४ मध्ये तो मागे घेतला. शिक्षा काढली, पण उपचाराची सोय वेळेत उभी राहिली नाही, त्यात फेंटानिल या फार तीव्र अफूवर्गातल्या द्रव्याची लाट आली आणि रस्त्यावर उघड सेवन वाढलं. पोर्तुगालात आधी उपचार उभे राहिले होते. महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणी व्यसनमुक्तीची खाट मिळते का, हा माझा प्रश्न आहे.

---

वैनगंगा

तालुक्याला खाट मिळत नाही, दादा. जिल्ह्याला मिळाली तरी बस आणि बुडालेली मजुरी धरून तिथं पोचणं अवघड. म्हणून आमच्याकडे गावातच क्लिनिक घ्यावं लागतं.

आणखी एक मांडते. आपल्याच राज्यात इजेचं माप काढायची एक पद्धत आहे, तिची कुणाला आठवण झाली नाही. आडवी बाटली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दारूचं दुकान बंद होतं. २००८ च्या आदेशात हे सगळं आहे. मतदानात गडबडी होतात, दुकानदार पैसे वाटतो, बायांच्या नावांची पडताळणी अडकवतात, हे मी जवळून बघितलं आहे. तरीही कायद्यानं इथं पिणाऱ्याला किंवा महसूल खात्याला विचारलं नाही, घरात मार खाणारीला विचारलं. नट यांच्यासारखी गुणांची यादी आपल्याकडे तयार करायचीच असेल तर समितीत दोन खुर्च्या अशा बायांना ठेवा.

---

मानसवैद्य

वैनगंगाताई, दोन कशाला, निम्म्या ठेवाव्यात. इतरांना होणारी हानी आम्हाला दवाखान्यात फक्त ऐकीव कळते.

---

अनघा_क

सातपुडादादा, मुंबईत सेवनाचे खटले किती आहेत याचा काही अभ्यास झाला आहे का? आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बरीच जण कोर्टात 'कबूल' म्हणून दंड भरून आलेली असतात.

---

सातपुडा (धागाकर्ता)

झाला आहे. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या अभ्याससंस्थेनं मुंबईच्या न्यायदंडाधिकारी न्यायालयांतले २०१७ आणि २०१८ चे दहा हजारांवर खटले तपासले. जवळजवळ सगळे सेवनाचे आणि त्यातले बहुतेक गांजाचे. आरोपी गुन्हा कबूल करतात, दंड भरतात, संध्याकाळी घरी. वरवर बघता सुटका झाल्यासारखं वाटतं. पण शिक्षा झाल्याची नोंद राहते आणि पुढं सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत, पासपोर्टच्या वेळी ती वर येते. हातावर पोट असलेल्याला खटला लढण्यासाठी तारखांना रजा घेणं परवडत नाही, म्हणून तो कबूल करतो. शिवाय या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र आहेत असं मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये ठरवलं आहे. एका सिगरेटीपुरता गांजा असला तरी पोलीस ठाण्यातून जामीन हक्क म्हणून मिळत नाही.

त्याच उच्च न्यायालयानं २०११ मध्ये या कायद्यातली सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली होती आणि २०१४ मध्ये संसदेला कायदा बदलावा लागला, हेही नोंदवून ठेवतो. म्हणजे हा कायदा बदलतो. रेटा लागतो.

---

नवखी_वाचक

वकीलदादा, धागा सगळा वाचला. माझ्या बहिणीचा मुलगा, वय वीस, कॉलेजबाहेर पकडला गेला. पुडीत थोडा गांजा होता. जामीन झाला आहे. पुढच्या आठवड्यात तारीख आहे आणि ओळखीचे सगळे सांगतात, 'कबूल कर, दंड भर, विषय संपव.' बहीण घाबरली आहे. काय करावं?

---

सातपुडा (धागाकर्ता)

ताई, कागद न बघता नक्की सल्ला देणं योग्य नाही, तरी काही गोष्टी सांगतो. वकील परवडत नसेल तर कोर्टाच्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथं मोफत वकील मिळतो. तारखेआधी तिथं जा.

कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी रुग्णालयात किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर त्याच्यावरचा खटला पुढं चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाते. अडचण अशी की हे कलम 'व्यसनी' माणसासाठी आहे. कधीतरी ओढणाऱ्या पोराला त्यात बसवणं कठीण जातं, म्हणजे जास्त आजारी असलेल्याला संरक्षण आणि कमी आजारी असलेल्याला शिक्षा. कायदा बदलायचा तर ही पहिली दुरुस्ती व्हावी असं मला वाटतं. मुलगा किती वेळा घेतो, कधीपासून घेतो हे त्यानं डॉक्टरांना खरं सांगू दे. खोटं व्यसन दाखवायला लावू नका, ते उलटतं.

आणि घाईनं कबुली देऊ नका. एकदा दोषी ठरला की ६४अ चा उपयोग उरत नाही, मग उपचाराच्या वाटेनं कलम ३९ राहतं. त्यात कोर्ट शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकतं, पण दोषी ठरल्याची नोंद झालेली असते. तपासणी अहवाल, जप्तीचा पंचनामा आणि आरोपपत्राची प्रत वकिलांना दाखवा. पुडीतल्या वजनात शेंडे किती आणि पानं-काड्या किती, हे पंचनाम्यात लिहिलं आहे का ते आधी बघायला सांगा. व्यक्तिगत निरोपात जिल्हा कळवलात तर तिथल्या ओळखीच्या वकिलांची गाठ घालून देतो.